विल्हेल्म ब्येर्कनेस : वादळाचें गणित मांडणारा शास्त्रज्ञ

आपल्या कोंकणांत किंवा देशावर बर्फ पडत नाहीं. वळवाच्या पावसांत कधीं गारा पडतात, मुलें त्या वेंचण्यास धांवतात, आणि घटकाभरांत त्या विरघळून जातात. यामुळें बर्फ म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मौजेची एक वस्तु उभी राहते. परंतु ज्या देशांत हिंवाळ्यांतील एका रात्रींत गुडघ्याहून अधिक बर्फ सांचतो, तेथील लोकांस त्याची मौज फार वेळ वाटत नाहीं. रस्ते बुजून जातात, आगगाड्या वाटेंत अडकतात, विजेच्या तारा तुटतात, छपरें भारानें खचतात, आणि डोंगराच्या उतारावरून बर्फाचे कडे घसरून खालचीं गांवें गाडलीं जातात. आपल्या देशांतहि काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड या प्रांतांतील लोकांस हें संकट ठाऊक आहे. असा बर्फ उद्यां येणार कीं नाहीं, कोठें येणार आणि किती येणार, हें आदल्या दिवशीं कळलें तर वाटसरू घरीं थांबतो, मेंढपाळ कळप खालीं आणतो, आणि पुष्कळ जीव वांचतात. हें कळण्याची जी विद्या आज आहे, तिचा पाया घालणाऱ्या एका नॉर्वेजियन पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

विल्हेल्म ब्येर्कनेस यांचा जन्म ता. १४ मार्च १८६२ रोजीं नॉर्वे देशाची राजधानी क्रिस्तियानिया येथें झाला. याच शहरास १९२५ पासून ओस्लो म्हणतात. त्यांचे वडील कार्ल आंतोन ब्येर्कनेस हे तेथील विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. पाण्यांत दोन गोळे ठेवून ते एकाच तालावर फुगविले व आकसविले तर ते एकमेकांस ओढतात, आणि ताल उलट केला तर एकमेकांस दूर लोटतात, असें या गृहस्थांनीं गणितानें सिद्ध केलें होतें. विजेचें व लोहचुंबकाचें आकर्षण हेंहि अशाच कोणत्या तरी सूक्ष्म द्रवाच्या हालचालींतून होत असावें, अशी त्यांची समजूत होती. मुलगा जाणता होतांच वडिलांच्या प्रयोगांस हातभार लावूं लागला. १८८१ सालीं पॅरिस येथें विजेचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत या पितापुत्रांनीं आपलीं यंत्रें मांडलीं, आणि नामांकित शास्त्रज्ञ तीं पाहून थक्क झाले. विल्हेल्म त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता.

येथें त्या तरुणापुढें पहिली कसोटी उभी राहिली. वडील बुद्धिमान खरे, परंतु एकांतप्रिय होते. शोध लागला तरी तो लिहून प्रसिद्ध करण्यास ते कचरत, आणि कागद वर्षानुवर्षें पडून राहत. वडिलांची विद्या पुढें न्यावी तर आपणहि त्याच एकांतांत अडकूं, आणि सोडून द्यावी तर त्यांच्या आयुष्याचें काम वायां जाईल, असा हा पेंच होता. विल्हेल्म यांनीं धीरानें मार्ग काढला. त्यांनीं कांहीं काळ घर सोडलें. पॅरिस येथें प्वांकारे या महान् गणितज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं, आणि मग जर्मनींत बॉन येथें, विजेच्या लहरी प्रथम दाखवून देणारे हाइनरिश हर्ट्झ यांच्याजवळ राहून काम केलें. हर्ट्झच्या शोधांमुळें वडिलांच्या कल्पनेस विजेच्या शास्त्रांत जागा उरली नाहीं, हें त्यांस पुढें दिसून आलें. तरीहि त्यांनीं पितृऋण विसरलें नाहीं. वडिलांचा सिद्धान्त नीट जुळवून त्यांनीं १९०० व १९०२ सालीं दोन भागांत छापून काढला. दुसरा भाग निघाल्यानंतर वर्षभरानें वडील वारले. आपल्या कामाचा छापील ग्रंथ पाहण्याचें समाधान त्यांस मुलामुळें लाभलें.

आणि या ऋणांतूनच विल्हेल्म यांस त्यांचें खरें कार्य सांपडलें. १८९३ पासून ते स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें शिकवीत होते, व १८९५ सालीं तेथेंच प्राध्यापक झाले. द्रवांतील भोंवऱ्यांविषयीं एक जुना सिद्धान्त असा होता कीं, आदर्श द्रवांत भोंवरा नव्यानें उत्पन्न होत नाहीं आणि असलेला नाहींसा होत नाहीं. ब्येर्कनेस यांनीं दाखविलें कीं, हें ज्या द्रवाची घनता केवळ दाबावर अवलंबून असते त्यालाच लागू आहे. खऱ्या हवेची घनता उष्णतेवर व दमटपणावरहि अवलंबून असते, आणि म्हणून तिच्यांत भोंवरे उत्पन्न होतात. आमच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांस याचें उदाहरण रोजच दिसतें. दिवसा जमीन तापते, समुद्र थंड राहतो, आणि खारा वारा आंत वाहूं लागतो ; रात्रीं उलट होऊन मतलई वारा समुद्राकडे जातो. १८९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या नियमानें समुद्रकिनाऱ्यावरील झुळुकेपासून मोठ्या वादळापर्यंत सर्वांचा विचार एकाच गणितानें करणें शक्य झालें.

त्या काळीं हवामानाचें भाकीत हें शास्त्रापेक्षां अनुभवाचें काम होतें. तारेनें ठिकठिकाणच्या वायुभाराचे आंकडे येत, ते नकाशावर मांडले जात, आणि अशाच दिसणाऱ्या एखाद्या जुन्या नकाशानंतर काय झालें होतें हें आठवून उद्यांचा अदमास सांगितला जाई. १९०४ सालीं ब्येर्कनेस यांनीं एक लेख लिहून निराळीच वाट दाखविली. वैद्य आधीं नाडी पाहून रोगाचें निदान करतो आणि मग तो कसा वाढेल हें सांगतो. हवेचेंहि तसेंच असलें पाहिजे. या घटकेला ती कशी आहे हें पुरेशा बारकाईनें मोजावें, आणि ती कशी बदलते याचे नियम लावून पुढची स्थिति गणितानें काढावी. यास सात गोष्टी ठाऊक हव्यात : हवेचा दाब, उष्णतामान, घनता, आर्द्रता, आणि तीन दिशांचे वारे. या सातांसाठीं निसर्गाचीं सात समीकरणेंहि उपलब्ध आहेत. योजना अत्यंत सरळ होती, परंतु तीं समीकरणें सोडविण्याची शक्ति त्या वेळीं पृथ्वीवर कोणापाशींहि नव्हती, आणि ब्येर्कनेस यांस हें पूर्ण ठाऊक होतें.

पुढील वर्षीं ते अमेरिकेंत व्याख्यानें देण्यास गेले, आणि तेथील कार्नेगी संस्थेनें त्यांस वर्षासन बांधून दिलें. १९०७ सालीं ते मायदेशीं परतले, आणि १९१३ सालीं जर्मनींतील लाइपझिग येथील नव्या भूभौतिक संस्थेचे मुख्य झाले. वायुभार मोजण्यास मिलिबार हें परिमाण रूढ व्हावें म्हणून त्यांनीं खटपट केली, ती याच काळांतील. येथें सर्व साधनें होतीं, हुशार विद्यार्थी होते. परंतु १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि एकेक विद्यार्थी रणांगणावर गेला. वाऱ्यांच्या मिलनरेषांचा अभ्यास करणारा एक तरुण १९१६ सालीं व्हर्दूनच्या लढाईंत पडला. त्याचें अर्धें राहिलेलें काम ब्येर्कनेस यांच्या याकोब नांवाच्या मुलानें उचललें. मुलगा तेव्हां विशीचाहि नव्हता.

१९१७ सालीं ब्येर्कनेस कुटुंबासह नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन शहरीं आले. त्यांचें वय पंचावन्न वर्षांचें होतें. नॉर्वे युद्धांत नव्हता, पण युद्धाची झळ त्याला पुरती लागली होती. बाहेरून येणारें धान्य तुटलें, आणि इंग्लंडकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा लष्करी गुप्ततेसाठीं बंद झाल्या. वादळें तर पश्चिमेकडील समुद्रावरूनच यावयाचीं. शेतकऱ्याला पीक कधीं काढावें, कोळ्याला होडी कधीं लोटावी हें कळेना. ब्येर्कनेस यांनीं आपल्या शुद्ध गणिताचें काम बाजूस ठेविलें आणि १९१८ च्या उन्हाळ्यांत आपल्या राहत्या घराच्या माळ्यावर भाकिताचें कार्यालय उघडलें. समुद्रापलीकडची खबर मिळत नाहीं, तर किनाऱ्यावरच दाट जाळें विणावें, असा त्यांचा विचार होता. दीपगृहांचे रखवालदार, कोळी, आणि आरमारी चौक्यांवरील पहारेकरी यांस त्यांनीं निरीक्षक केलें. वारा, ढग, पाऊस कसा पाहावा हें शिकविलें, आणि निरीक्षणाचीं ठिकाणें पूर्वीच्या कितीतरी पटींनीं वाढविलीं. थोर प्राध्यापकाची विद्या आतां दर्यावरच्या साध्या माणसांच्या डोळ्यांवर उभी राहिली.

या दाट जाळ्यांत जें सांपडलें तें कोणाच्या अपेक्षेंत नव्हतें. हवेंत थंड व उष्ण अशा दोन राशी असतात, आणि त्या एकमेकींत सहज मिसळत नाहींत, तर त्यांच्यामध्यें बऱ्यापैकीं स्पष्ट सीमा असते. वादळ या सीमेवर जन्मतें, आणि पाऊस व बर्फहि मुख्यत्वें तिच्याच आसपास पडतो. वर्तमानपत्रांतून तेव्हां रणभूमीवरील आघाड्यांच्या बातम्या येत, म्हणून या सीमेसहि आघाडी हेंच नांव मिळालें. याकोब यांनीं १९१९ सालीं यावरील छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यावर एकट्या याकोबचेंच नांव आहे. वडिलांनीं आपलें नांव त्यांत घातलें नाहीं. हाल्वर सोलबर्ग, टोर बेर्यरोन, कार्ल गुस्ताव्ह रॉसबी असे तरुण त्याच माळ्यावर तयार झाले, आणि पुढें प्रत्येक जण आपापल्या कामानें प्रसिद्धीस आला.

आतां मोठ्या हिमवृष्टीची चाहूल या ज्ञानानें कशी लागते तें पाहूं. थंड हवा जड असते, म्हणून ती पाचरीसारखी जमिनीलगत बसते. समुद्रावरून आलेली उष्ण व दमट हवा त्या पाचरीवर चढूं लागते. ही चढण फारच मंद, शंभर ते दोनशे हातांस एक हात इतकीच असते. म्हणून ढगांचा पट्टा शेंकडों मैल पुढें पसरतो. प्रथम आकाशांत अगदीं उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसतात. मग पातळ पडदा येऊन सूर्याला किंवा चंद्राला खळें पडतें. आपल्याकडील शेतकरीहि खळें पाहून पाऊस ओळखतात, त्यांतील मर्म हेंच. नंतर पडदा दाट होतो, ढग खालीं उतरतो आणि वृष्टि सुरू होते. उष्ण हवेच्या बाजूस पाऊस, थंड पाचर खोल असेल तेथें बर्फ, आणि मधल्या अरुंद पट्ट्यांत गोठणारा पाऊस पडतो. तेव्हां आघाडी कोठें आहे व कोणत्या वेगानें येत आहे हें नकाशावर आखलें कीं बर्फाचा पट्टाहि ढोबळपणें आखतां येतो.

परंतु ढगांतून बर्फ पडतो तरी कां ? हें कोडें बेर्यरोन यांनीं सोडविलें. १९२२ च्या हिंवाळ्यांत ते ओस्लोजवळच्या डोंगरावर विश्रांतीसाठीं राहिले होते. तेथील देवदारांच्या रानांतून फिरतांना त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हवा गोठणबिंदूच्या वर असली म्हणजे धुकें थेट वाटेपर्यंत भरतें, पण कडक थंडी असली म्हणजे झाडांमधील जागा मोकळी राहते. फांद्यांवरील हिमकण धुक्यांतील वाफ ओढून घेत होते. त्यांनीं ताडलें कीं ढगांतहि असेंच घडतें. गोठणबिंदूखालीं थंड झालेले पण न गोठलेले जलबिंदु व हिमस्फटिक एकत्र असले, तर वाफ बिंदूंकडून स्फटिकांकडे जाते, स्फटिक वाढतात आणि जड होऊन पडतात. हा विचार त्यांनीं १९३३ सालीं लिस्बन येथील परिषदेंत मांडला. फांदीदार हिमफुलें साधारण उणें १२ ते उणें १८ अंश सेल्सिअसमध्यें सर्वांत जलद वाढतात. म्हणून हवा जोरानें वर चढण्याची जागा आणि ढगांतील हा थंड थर एकाच उंचीवर आले, तर भाकीत करणारा मोठ्या बर्फाची शंका घेतो.

तरी हें काम सोपें नाहीं. पहिला प्रश्न पाऊस कीं बर्फ हा. यासाठीं १००० व ५०० मिलिबार या दोन दाबांच्या पातळ्यांमधील अंतर पाहतात, कारण थंड हवेंत तें कमी होतें. तें ५४०० मीटरांहून कमी असेल तर मैदानी मुलखांत बहुधा बर्फ समजावा. पण हा केवळ ठोकताळा आहे. पडतां पडतां बर्फ वितळूं लागला कीं तो भोंवतालच्या हवेची उष्णता घेतो, आणि जोराची वृष्टि असली तर हवा थंड होऊन पावसाचा बर्फ होतो. दुसरा प्रश्न खोलीचा. एक इंच पावसाचा सुमारें दहा इंच बर्फ होतो असें ढोबळमानानें धरतात, परंतु ओला बर्फ पांच इंचच भरेल, आणि कोरडा भुसभुशीत बर्फ वीस इंचहि होईल. वादळाची वाट पन्नास मैल सरकली तर एका शहरीं रस्ते बंद पडतात आणि शेजारच्या शहरीं नुसता पाऊस लागतो.

इकडे १९०४ सालची ती योजना मेली नव्हती. ल्युइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थांनीं महायुद्धांत जखमींची गाडी चालवीत असतां फावल्या वेळीं हाताने हिशेब करून सहा तासांचें भाकीत काढलें. त्यासाठीं त्यांनीं ब्येर्कनेस यांनीं जमविलेले २० मे १९१० या दिवसाचे आंकडे घेतले. उत्तर साफ चुकलें. वायुभार १४५ मिलिबार बदलेल असें गणित म्हणे, आणि प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. १९२२ सालीं त्यांनीं हें अपयश न लपवितां ग्रंथरूपानें जगापुढें ठेविलें, म्हणूनच पुढील लोकांस चूक कोठें झाली तें शोधतां आलें.

ब्येर्कनेस १९२६ सालीं ओस्लोस परतले व १९३२ सालीं निवृत्त झाले. त्यांचें नांव नोबेल पारितोषिकासाठीं अनेकदां सुचविण्यांत आलें, पण तें त्यांस कधींच मिळालें नाहीं. १९५० सालीं अमेरिकेंत एनिआक नांवाच्या विद्युत्-गणकयंत्रावर पहिलें गणिती भाकीत निघालें, आणि तें करणाऱ्यांत राग्नार फ्योर्टोफ्ट हा नॉर्वेचाच शास्त्रज्ञ होता. चोवीस तासांचें भाकीत काढण्यास यंत्राला जवळजवळ चोवीसच तास लागले. तरी सेहेचाळीस वर्षांपूर्वीं दाखविलेली वाट खरी ठरली. पुढच्याच वर्षीं, ९ एप्रिल १९५१ रोजीं, ब्येर्कनेस एकोणनव्वद वर्षांचे होऊन वारले.

त्यांच्या मागें या विद्येनें किती मजल मारली हें दोन वादळांवरून दिसतें. १९७९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें दीड फुटाहून अधिक बर्फ पडला. किनाऱ्यालगत वादळ अकस्मात् बळावलें, आणि इतक्या बर्फाची कल्पना भाकीत करणाऱ्यांनीं दिलेली नव्हती. पुढें १९९३ च्या मार्चमध्यें त्याच देशाच्या पूर्व भागावर प्रचंड हिमवादळ आलें, तेव्हां त्याची सूचना सुमारें पांच दिवस आधीं मिळाली होती. तरीहि दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं, परंतु सूचना नसती तर काय झालें असतें याचा विचारच करवत नाहीं. मधल्या चौदा वर्षांत गणकयंत्रें वेगवान् झालीं आणि निरीक्षणें वाढलीं. रीत मात्र तीच होती, आधीं निदान आणि मग गणित.

विद्यार्थ्यांनो, ब्येर्कनेस यांच्या बुद्धीची बरोबरी आपल्यापैकीं फार थोड्यांस करतां येईल. पण त्यांच्या तीन गोष्टी कोणासहि घेण्यासारख्या आहेत. त्यांनीं वडिलांचें काम पेटींत कुजूं दिलें नाहीं. देशांत अन्नाची तूट पडली तेव्हां आवडीचें गणित बाजूस ठेवून ते लोकांच्या गरजेस धांवले, आणि मोठा शोध त्यांच्या हातीं त्याच सेवेंत लागला. आणि शोध लागल्यावर तो त्यांनीं मुलाच्या व विद्यार्थ्यांच्या नांवें जाऊं दिला. पालकांसहि आमची एक विनंती आहे. मुलगा अंगणांत उभा राहून चंद्राचें खळें पाहत असेल तर त्यास लगेच आंत बोलावूं नये. दिवस, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहींत टिपून ठेवण्यास सांगावें, व दुसऱ्या दिवशीं काय झालें तेंहि त्याच ओळीपुढें लिहवून घ्यावें. बर्गेनच्या कोळ्यांनीं याहून फार निराळें कांहीं केलें नव्हतें.